अपस्केलिंग डीव्हीडी प्लेअर घेतला, तरी चित्र पुसटच? प्लेअर बदलण्याआधी हे तपासा

"भाऊ, ५५ इंची टीव्ही घेतला, दुकानदार म्हणाला म्हणून १०८०पी अपस्केलिंगवाला प्लेअरबी घेतला. तरी लग्नाची डीव्हीडी अशी धुरकट काहून दिसून राहिली?"

नागपुरात टीव्ही-प्लेअर जोडून देणाऱ्या कोणालाही हा प्रश्न आता पाठ झाला असेल. विचारणारे कधी महालातले काका असतात, कधी मनीषनगरच्या काकू, कधी हिंगण्याहून फोन करणारा एखादा मुलगा, ज्याला आईबाबांच्या लग्नाच्या वाढदिवसाला ती डिस्क सगळ्या नातेवाइकांना दाखवायची असते. टीव्ही नवा, प्लेअर बर्डीच्या बाजारातून आणलेला, डिस्क मात्र पंधरा-वीस वर्षांपूर्वीची. प्लेअरच खराब निघाला असं समजून लोक तो परत करतात, आणखी महागाचा आणतात, आणि चित्र होतं तसंच राहतं. हे पैसे असे जाताना पाहवत नाही, म्हणून सगळं एकदा नीट लिहून ठेवतो आहे.

उत्तर आधीच देतो. अपस्केलिंग म्हणजे डिस्कवरचं लहान चित्र मोठ्या पडद्यापुरतं वाढवणं. असा प्लेअर डिस्कवर नसलेला बारकावा आणून देऊ शकत नाही. जे काम तो करतो, ते तुमचा टीव्ही एरवीही करतच असतो. प्लेअरनं खरा फरक पडतो अशा काही जागा आहेत, त्या पुढे येतीलच. पण घरोघरी जाऊन पाहिलं तर पुसट चित्राचं कारण बहुतेक वेळा केबलमध्ये, सेटअपच्या मेनूत किंवा डिस्कमध्येच सापडतं. त्यातली पहिली दोन कारणं जवळपास फुकटात दुरुस्त होतात.

प्लेअर आणि टीव्ही नेमकं काय करतात

आपल्याकडच्या पाल या टीव्ही-पद्धतीच्या डीव्हीडीवर चित्र ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचं असतं, म्हणजे ४,१४,७२० ठिपके. फुल एचडी टीव्हीच्या पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. फोरके टीव्हीवर ८२,९४,४००. हे ठिपके पडद्यात कायमचे बसवलेले असतात, त्यांतला एकही रिकामा ठेवता येत नाही. म्हणून डिस्कवरच्या एका ठिपक्यावरून फुल एचडीला साधारण पाच आणि फोरकेला वीस ठिपके कोणीतरी हिशेब करून भरावेच लागतात. प्लेअरनं ५७६ ओळी पाठवल्या तर हा हिशेब टीव्ही करतो. प्लेअरनं १०८० पाठवल्या तर तो प्लेअरमध्ये होतो, आणि टीव्ही फोरके असेल तर टीव्हीत आणखी एकदा होतो. अपस्केलिंग न करणारा एचडी टीव्ही मिळतच नाही. तसा टीव्ही डीव्हीडी पूर्ण पडदाभर दाखवूच शकणार नाही.

हा हिशेब म्हणजे शेजारच्या ठिपक्यांवरून मधल्या ठिपक्याचा अंदाज. चांगल्या चिपचा अंदाज चांगला असतो: तिरप्या रेषा सरळ राहतात, कडा पायऱ्यांसारख्या तुटत नाहीत. साध्या चिपचा अंदाज ओबडधोबड. पण नवरीच्या पाटल्यांवरचं कोरीवकाम किंवा मांडवाच्या मागच्या पाटीवरची अक्षरं डिस्क बनवतानाच गेली असतील, तर ती कुठल्याच चिपला ठाऊक नसतात. हल्लीच्या महागड्या टीव्हींमध्ये हजारो चित्रांवर शिकवलेली प्रणाली असते. ती तिथे काहीतरी पटेल असं पोत रंगवून देते. कापडावर, झाडांवर ते बरं दिसतं. चेहऱ्यावर मात्र कधी कधी मेण चढवल्यासारखा गुळगुळीतपणा येतो, आणि आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पुसल्या जाणं मला स्वतःला अजिबात आवडत नाही.

अपस्केलिंग प्लेअरचा बोलबाला झाला तो साधारण २००५ ते २०१० च्या काळात, आणि त्याला तेव्हा कारण होतं. त्या वेळच्या बऱ्याच एलसीडी टीव्हींचा स्वतःचा हिशेब कच्चा होता, आणि फरुदजा किंवा अँकर बे या कंपन्यांच्या चिपा बसवलेला चांगला प्लेअर टीव्हीपेक्षा उघड सरस ठरायचा. ऑप्पोचा डीव्ही-९८३एच हा प्लेअर याच गुणासाठी शौकिनांमध्ये नावाजलेला होता. २००८ मध्ये ब्लू-रे या एचडी डिस्कपुढे हार मानून तोशिबानं एचडी डीव्हीडी ही आपली स्पर्धक डिस्क बंद केली आणि त्याच वर्षी साध्या डीव्हीडीचं चित्र उठावदार करणारा एक्सडी-ई५०० प्लेअर बाजारात आणला. त्या वेळच्या जाहिराती आणि तेव्हाचे अनुभव अजून लोकांच्या डोक्यात आहेत. दरम्यान टीव्ही पुष्कळ पुढे गेले. स्वस्त प्लेअरमधल्या चिपा मात्र जिथल्या तिथे राहिल्या.

सगळ्यात आधी प्लेअरच्या मागे पाहा

पिवळी पिन लावलेली असेल तर बाकी काहीही तपासण्याआधी ती काढा. लाल-पांढऱ्या पिना आवाजाच्या, पिवळी चित्राची. या एकाच तारेत चित्राचा उजेड आणि रंग एकत्र मिसळून पाठवलेले असतात, आणि टीव्हीला ते पुन्हा वेगळे करावे लागतात. ते पूर्ण वेगळे कधीच होत नाहीत. लाल शालूचा रंग कडेबाहेर सांडतो, अक्षरांच्या काठानं बारीक ठिपके सरकत राहतात, आणि एकूण चित्रावर धुकं आल्यासारखं वाटतं. वर या तारेतून जुन्या पद्धतीचंच, ५७६ ओळींचं चित्र जातं. खोक्यावर १०८०पी छापलेलं असलं तरी ते फक्त एचडीएमआयच्या जागेपुरतं खरं आहे.

असं कितीतरी घरांत दिसतं. प्लेअरला एचडीएमआय आहे, पण टीव्हीच्या एचडीएमआयच्या जागा सेट-टॉप बॉक्स आणि स्टिकनं अडवल्या आहेत, म्हणून जोडणाऱ्यानं जुन्या टीव्हीची तीन पिनांची वायरच पुन्हा खोचून दिली. जागा कमी पडत असेल तर एचडीएमआय स्विच मिळतो, तो घ्या. किंवा डिस्क पाहायची तेवढा वेळ दुसरी वायर काढून ठेवा.

आणखी एका वस्तूपासून सावध राहा. पिवळ्या पिनेतून एचडीएमआय करून देणारी एक छोटी डबी मिळते. तिच्यावर ७२०पी-१०८०पी असं बटणही असतं. प्लेअरला एचडीएमआय नाही आणि टीव्हीला पिवळी पिन नाही, अशा घरात ती लागते, तेवढ्यापुरती ठीक. पण चित्र सुधारेल म्हणून ती घेऊ नका. धुकं आलेलं चित्रच ती मोठं करते, वर ४:३ चं, म्हणजे जुन्या टीव्हीच्या आकाराचं, चित्र ताणून चेहरे रुंद करते.

लाल-हिरवा-निळा अशा तीन पिनांचं कॉम्पोनंट जोड पिवळ्या पिनेपेक्षा पुष्कळ चांगलं. मात्र कॉपी-संरक्षण असलेल्या डिस्कसाठी त्यातून ५७६पी (५७६ ओळींचं पूर्ण चित्र) पेक्षा मोठं चित्र द्यायला प्लेअर बनवणाऱ्यांना परवानगीच नव्हती. मेनूत १०८०आय निवडलं आणि विकतची डिस्क लावताच चित्र लहान झालं किंवा गेलं, तर कारण हे असतं. प्लेअर बिघडलेला नाही.

एचडीएमआय लावल्यावर प्लेअरच्या सेटअपमध्ये जाऊन व्हिडिओ आउटपुट एचडीएमआयवर आहे ना ते पाहा. काही प्लेअर पिवळ्या पिनेवरच अडून राहतात.

इथे बहुतेकांना मोठा फरक दिसतो, आणि ते म्हणतात, "बघा, अपस्केलिंगनं केवढं सुधारलं!" आता प्लेअरचं एचडीएमआय रिझोल्यूशन १०८०पी वरून ५७६पी वर आणून पाहा. सुधारणा तशीच टिकून राहील. ती केबलची होती.

टीव्ही टाइप: मेनूतला एक छोटा पर्याय

सेटअपमध्ये टीव्ही टाइप, टीव्ही डिस्प्ले किंवा आस्पेक्ट अशा नावाखाली तीन पर्याय दिसतील: ४:३ पीएस, ४:३ एलबी (दोन्ही जुन्या आकाराच्या टीव्हीसाठी) आणि १६:९ (रुंद टीव्हीसाठी). स्वस्त प्लेअर बरेचदा ४:३ एलबीवर ठेवलेले येतात. हे तुमच्या रुंद टीव्हीसाठी चुकीचं आहे. रुंद चित्राच्या डिस्कवर सगळ्या ५७६ ओळींत चित्र दाबून बसवलेलं असतं, टीव्हीनं ते आडवं पसरवायचं असतं. ४:३ एलबीमध्ये प्लेअर त्याच ओळी दाबून ४३२ करतो आणि वर-खाली काळ्या पट्ट्या भरतो. म्हणजे टीव्हीपर्यंत पोचण्याआधीच पाव ओळी गेल्या. मग तुम्ही रिमोटनं झूम करता आणि उरलेल्या ओळी आणखी फाकतात. १६:९ करा. एका बटणाचं काम, आणि मला विचाराल तर नव्या प्लेअरपेक्षा यानं जास्त फरक पडतो.

शेजारीच टीव्ही सिस्टीम असेल: पाल, एनटीएससी (अमेरिकेकडची पद्धत), ऑटो किंवा मल्टी. तिथे ऑटो ठेवा. आपल्याकडे विकल्या गेलेल्या हिंदी सिनेमांच्या बऱ्याच डीव्हीडी परदेशातल्या ग्राहकांना डोळ्यांपुढे ठेवून एनटीएससीत काढलेल्या असतात, ४८० ओळींच्या. प्लेअर पालवर अडकवलेला असला की तो त्यांचं जबरदस्तीनं रूपांतर करतो आणि कॅमेरा सरकला की चित्र धक्के खात चालतं.

काही सिनेमांच्या डिस्कवर चित्राच्या चारही बाजूंना काळी चौकट दिसते. त्या डिस्क बनवतानाच ४:३ च्या चौकटीत रुंद चित्र बसवलेलं असतं. उंचीच्या २.३५ पट रुंदीचा सिनेमा अशा पाल डिस्कवर जेमतेम ३२७ ओळींत मावतो. टीव्हीचा झूम वापरून पडदा भरता येईल, पण या डिस्ककडून जास्त अपेक्षा नको.

अपस्केलिंग प्लेअरनं करावं की टीव्हीनं: घरच्या घरी परीक्षा

एक ओळखीचं दृश्य निवडा, ज्यात अक्षरं असतील आणि तिरप्या रेषा असतील. लग्नाच्या डिस्कमध्ये सुरुवातीची वधू-वरांच्या नावांची पाटी आणि मांडवाचे दोर यांना तोड नाही. प्लेअरचं रिझोल्यूशन आधी ५७६पी, मग ७२०पी, मग १०८०पी करून तेच दृश्य थांबवून पाहा, आणि चालू ठेवूनही पाहा. जिथे अक्षरांच्या कडा स्वच्छ आणि दोर सरळ दिसतील, ते ठेवा. १०८०पी म्हणजे जास्त चांगलं असं आधीच मनाशी ठरवू नका.

टीव्ही एचडी रेडी असेल, म्हणजे जुना ३२ इंची, तर त्याचा पडदा बहुधा १३६६ गुणिले ७६८ चा असतो. प्लेअर १०८०पी पाठवतो, म्हणजे ५७६ ओळी आधी वाढवून १०८० केल्या जातात आणि टीव्ही त्या पुन्हा कमी करून ७६८ वर आणतो. दोनदा हिशेब, दोनदा नुकसान. तिथे ५७६पी ठेवलेलं जवळजवळ नेहमी बरं. नव्या फोरके टीव्हीवर आणि स्वस्त प्लेअरवरही माझा कौल ५७६पी ला, कारण टीव्हीची चिप प्लेअरपेक्षा फार पुढची असते. याउलट टीव्ही साधारण २०१० च्या सुमाराचा आणि प्लेअर चांगला ब्लू-रे असेल तर १०८०पी जिंकू शकतं.

हलत्या हातांवर कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात?

ही खरी गुंतागुंतीची जागा. चांगला प्लेअर आपली किंमत वसूल करतो तो इथेच. अपस्केलिंगची जाहिरात होते, पण मोल असतं डीइंटरलेसिंगला, म्हणजे अर्ध्या-अर्ध्या चित्रांतून पूर्ण चित्र बनवण्याला, आणि त्याबद्दल दुकानात कोणी बोलत नाही.

लग्नं शूट करणारे त्या काळचे कॅमेरे सेकंदाला ५० अर्धी चित्रं टिपायचे. एकात विषम ओळी, पुढच्यात सम ओळी, आणि दोन्हींमध्ये सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचं अंतर. जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही ती तशीच एकाआड एक रंगवायचा, म्हणून हालचाल गुळगुळीत दिसायची. आजचा पडदा एका वेळी पूर्ण चित्र दाखवतो. दोन अर्धी चित्रं नुसती एकमेकांत गुंफली, तर त्या मधल्या वेळात हललेला हात दोन ठिकाणी उमटतो आणि कडेला त्या रेघा दिसतात. अक्षता टाकताना, वरातीत नाचताना त्या हमखास येतात.

याच्यावर सोपा उपाय म्हणजे अर्ध्या ओळी टाकून द्यायच्या आणि उरलेल्या २८८ मोठ्या करायच्या. स्वस्त चिपा हेच करतात. रेघा जातात, पण चित्राचा निम्मा नेटकेपणाही जातो. लोक ज्याला पुसट म्हणतात ते बऱ्याचदा हेच असतं. चांगली चिप चित्राचा कुठला भाग हलतो आहे ते ओळखते. स्थिर भागात सगळ्या ५७६ ओळी वापरते, हलत्या भागात तेवढी तडजोड करते. मग भटजी स्पष्ट आणि मागचा मांडवही स्पष्ट दिसतो.

सिनेमांची गोष्ट निराळी. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा. पाल डिस्कवर तो २५ च्या वेगानं चालवतात, म्हणून थोडा लवकर संपतो, पण दोन अर्धी चित्रं एकाच क्षणाची असल्यानं ती बिनचूक जोडता येतात. एनटीएससीत २४ चित्रं सेकंदाला ६० अर्ध्या चित्रांत बसवण्यासाठी एक चित्र तीनदा, पुढचं दोनदा अशी पुनरावृत्ती असते. चिपनं ती लय ओळखली तर मूळ चित्रं जशीच्या तशी परत मिळतात. नाही ओळखली तर रेघा आणि धक्के दोन्ही.

तपासायचं असं: लग्नाची डिस्क लावा आणि प्लेअरवर ५७६आय (अर्धी चित्रं तशीच पाठवणारा) असा पर्याय असेल तर तो निवडा. आता डीइंटरलेसिंग टीव्ही करतो. मग ५७६पी करा, आता ते प्लेअर करतो. वरातीचं तेच दृश्य दोन्हींवर पाहा. फरक दिसला तर तुमच्या दोन यंत्रांतलं हुशार कोण ते कळलं. लॅपटॉप असेल तर तिसरी परीक्षाही घ्या. व्हीएलसीमध्ये व्हिडिओ मेनूत डीइंटरलेस चालू करून यॅडिफ टूएक्स निवडा आणि लॅपटॉप एचडीएमआयनं टीव्हीला जोडा. अनेक घरांत हीच जोडणी सगळ्यात चांगली ठरते, तीही एक पैसा खर्च न करता. टीव्हीचा गेम मोड चालू राहिला असेल तर बंद करा, त्यात ही सगळी प्रक्रिया टीव्ही मुद्दाम टाळतो.

डिस्कच हलकी असेल तर

एकाच थराच्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात. अडीच तासांचा एकच सिनेमा असेल तर सेकंदाला जेमतेम ४ मेगाबिट वाट्याला येतात, आणि तेवढ्यात चित्र चांगलं राहतं. 'थ्री इन वन' म्हणून मिळणाऱ्या डिस्कवर साडेसात तासांचा ऐवज कोंबलेला असतो. एका थरावर हिशेब केला तर सेकंदाला १.४ मेगाबिट, आवाज धरून. हालचाल झाली की चौकोन-चौकोन दिसणार, आणि मोठ्या पडद्यावर ते चौकोनही मोठे होणार. २००७ च्या सुमारास मोझर बेअरनं २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी आणली, त्यानंतर घराघरांत डिस्कचे ढीग झाले. त्यातल्या व्हीसीडी वेगळ्या काढा. व्हीसीडीचं चित्र ३५२ गुणिले २८८ चं, डीव्हीडीच्या पाव आकाराहूनही किंचित कमी. ५५ इंची टीव्हीवर ती सुधारण्याचा उपाय कुठल्याच प्लेअरकडे नाही.

चौकोन दिसतात आणि चित्र मध्येच अडकतं, हे मात्र निराळं दुखणं. ते डिस्क किंवा प्लेअरची लेन्स खराब झाल्यानं डिस्क नीट वाचली जात नसल्याचं लक्षण. आपल्याकडची धूळ आणि मे महिन्यातला ४५ अंशांवर जाणारा पारा, दोन्ही डिस्कच्या वैरी आहेत. घरी किंवा स्टुडिओत लिहिलेल्या डिस्कमध्ये रंगद्रव्याचा थर असतो, तो उन्हानं आणि उष्णतेनं खराब होतो. स्लॅबला लागून असलेल्या माळ्यावर लग्नाच्या डिस्क ठेवू नका. आतल्या खोलीतल्या कपाटात उभ्या ठेवा, कूलरच्या ओलाव्यापासूनही लांब. पुसताना मऊ सुती कापडानं मधून बाहेर सरळ पुसा, गोल गोल नाही.

किती लांबून पाहता

जुन्या २१ इंची टीव्हीवर हीच डिस्क छान दिसायची, ही आठवण खरी आहे. त्या टीव्हीवर ५७६ ओळी सहा फुटांवरूनच डोळ्याला वेगळ्या दिसेनाशा व्हायच्या. निरोगी डोळा साधारण एक कला, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, एवढा बारकावा ओळखतो, त्या हिशेबानं हे अंतर ३२ इंचीला आठ फूट, ४३ इंचीला साडेदहा आणि ५५ इंचीला साडेतेरा फूट येतं. धरमपेठेतल्या फ्लॅटचा हॉल असो की नंदनवनातल्या घराची बैठक, सोफा ते भिंत अंतर क्वचितच दहा फुटांच्या वर जातं. म्हणजे ५५ इंचीवर डीव्हीडी मऊ दिसणारच. डिस्क पाहताना खुर्ची मागे घेता आली तर घ्या, किंवा चित्र पडद्यावर लहानच ठेवा. ४:३ चं चित्र पडदाभर ताणण्याचा मोह तर टाळाच.

टीव्हीचं सेटिंग

शार्पनेस कमी करा, चांगलाच कमी. डीव्हीडी बनवताना कडा आधीच टोकदार केलेल्या असतात, टीव्हीनं त्यात भर घातली की माणसांभोवती पांढरी किनार उमटते आणि सगळं बटबटीत होतं. पिक्चर मोड व्हिव्हिड किंवा डायनॅमिकऐवजी सिनेमा किंवा स्टँडर्ड ठेवा. काळा रंग राखाडी दिसत असेल किंवा काळ्या केसांतलं काहीच दिसत नसेल, तर प्लेअर आणि टीव्हीची एचडीएमआय ब्लॅक लेव्हल जुळत नाही. ती दोन्हीकडे लिमिटेड किंवा लो करा. नॉइज रिडक्शन थ्री इन वन डिस्कला थोडं चालू, चांगल्या डिस्कला बंद.

मग नवा प्लेअर घ्यावा का?

एचडीएमआय नसलेला प्लेअर असेल तर हो. एचडीएमआयवाला डीव्हीडी प्लेअर आधीच असेल तर दुसरा अपस्केलिंग डीव्हीडी प्लेअर घेऊ नका, तेवढे पैसे वाचवा. घ्यायचाच असेल तर चालू स्थितीतला ब्लू-रे प्लेअर बघा, वापरलेला चालेल. त्यांतल्या बहुतेकांचं डीइंटरलेसिंग साध्या डीव्हीडी प्लेअरपेक्षा चांगलं असतं. पुढे कधी ब्लू-रे डिस्क घेतली तर तिच्यावर खरोखर १९२० गुणिले १०८० चं चित्र असतं, तिथे अंदाजाची गरजच नाही. वापरलेला घेताना रिमोट सोबत आहे ना ते पाहा, कारण त्याच्याशिवाय सेटअपचा मेनू उघडता येत नाही असे प्लेअर पुष्कळ आहेत. आणि आपली लग्नाची डिस्क दुकानात नेऊन पूर्ण वाचली जाते का ते तिथेच तपासा.

लग्नाच्या चित्रणासाठी याहूनही मोठा उपाय आहे, आणि तो मी प्रत्येकाला कळकळीनं सांगतो: मूळ टेप शोधा. २००० नंतरची बरीच लग्नं मिनीडीव्ही टेपवर शूट झाली आहेत. त्या टेपवर चित्र सेकंदाला २५ मेगाबिटनं नोंदलेलं असतं. तुमच्या हातातली डिस्क त्याचीच दाबून केलेली, चार-पाच मेगाबिटची प्रत आहे. तेव्हाच्या व्हिडिओवाल्या भाऊंकडे चौकशी करा. काहींनी कच्च्या टेपा कुटुंबाला दिल्या होत्या, काहींकडे त्या अजून पेटीत पडून असतात. टेप मिळाली तर फायरवायर (कॅमेरा संगणकाला जोडायची जुनी जोडणी) असलेल्या चालू कॅमेऱ्यातून ती संगणकावर घेणारा माणूस गाठा. टेप वर्षानुवर्षं पडून असेल तर चालवण्याआधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून घ्यायला सांगा. आणि त्याच्याकडून पुन्हा डीव्हीडी घेऊ नका, टेपवरचं चित्र जसंच्या तसं ठेवणारी डीव्ही एव्हीआय फाईलच मागा. तासाला साधारण १३ जीबी लागतात, तेव्हा हार्ड डिस्क घेऊन जा, आणि ती एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेली असू द्या, कारण फॅट३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाईल मावत नाही.